अनारशावरची खसखस

लालासाहेबांना खरं काय ते कळलं, तोवर खोटं घरात चांगलं रुळलं होतं.

त्यांचा एकुलता एक शंभूराज लष्करात होता. वरती बर्फात त्याची गाडी दरीत गेली आणि तिरंग्यातली पेटी अंगणात आली. सगळा गाव रडला, पण त्याच्या आईच्या, विजयमालाबाईंच्या डोळ्यांतनं टिपूस आलं नाही. बाई मुक्याच झाल्या. ताटावर बसायच्या आणि घास तसाच ठेवून उठायच्या. लालासाहेब सुभेदार म्हणून रिटायर झालेले. एका हाकेत अख्खी कंपनी उभी करणारा हा माणूस, पण बायकोच्या पोटात भाकरी घालणं काही त्यांना जमेना.

ती दिवाळी दुखवट्याची. घरात तळण नाही, म्हणून शेजारच्या मंगलनं फराळाचं ताट आणून दिलं. त्यातला एक अनारसा बाईंनी शंभूच्या फोटोखालच्या फळीवर ठेवला. शंभूला अनारशाचं भारी वेड. आधी वरची खसखस दातानं खरवडायचा आणि निम्मी घरभर सांडायचा. दुसऱ्या दिवशी बाईंनी अनारसा उचलला, फळी पुसली. तिसऱ्या दिवशी सकाळी फळीवर पुन्हा चिमूटभर खसखस.

"आवं, इकडं या," बाईंनी कित्येक महिन्यांनी हाक मारली. "त्यो आलावता. बगा की, कशी सांडून गेलाय. सवय गेली न्हाई मेल्याची."

शेवटचा शब्द तोंडातनं निसटला आणि बाईंनी जीभ चावली. पोराला आयुष्यभर लाडानं हीच शिवी दिलेली. त्या दिवशी बाईंनी अख्खी भाकरी खाल्ली.

मग ते रोजचंच झालं. सकाळी उठून बाई फळीपाशी जायच्या, दाणे अंगाऱ्यासारखे कपाळाला लावायच्या आणि उरलेले डबीत भरून ठेवायच्या. फोटोशी बोलायच्या, त्याला रागवायच्या. स्वयंपाकघरात पुन्हा फोडणीचा वास येऊ लागला. वाळवीची शंका लालासाहेबांना आली नाही असं नाही. पण गावात वाळवी म्हणजे माती. भिंतीवरनं मातीची रेघ चढली की वाळवी आली, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्यांनी भिंत बघितली, फळीखाली हात फिरवला. मातीचा कण नव्हता. माती नाही म्हणजे वाळवी नाही, असं म्हणून ते गप्प बसले. खरं सांगायचं तर त्यांनाही गप्पच बसायचं होतं.

पावसाळ्यात एका सकाळी फळीवर दाण्यांबरोबर बारीक पंख पडलेले दिसले. लालासाहेबांनी फ्रेमवर बोट वाजवलं. आवाज पोकळ आला. लाकडाला सुईच्या टोकाएवढी भोकं होती. चष्मा पुसून दाणे तळहातावर घेतले, तर ते खसखशीसारखे गोल नव्हते, त्यांना कडा होत्या. नोकरीत असताना समुद्राकाठच्या क्वार्टरमध्ये त्यांनी हे पाहिलं होतं. कोरड्या लाकडातली वाळवी. हिला ना माती लागते ना ओल. लाकडातच राहते, लाकूडच खाते आणि आपली घाण भोकातनं बाहेर ढकलते.

ती घाण त्यांची बायको रोज कपाळाला लावत होती. फोटोच्या कडेला, शंभूच्या वर्दीच्या खांद्याशी, कागद कुरतडला होता. पोराला अग्नी दिला होता. किड्यांना देणं त्यांच्यानं होईना.

नागपंचमीला बाई भावाकडे शिराळ्याला गेल्या. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, भुई खणायची नाही, जीव मारायचा नाही. लालासाहेबांनी नेमक्या त्याच दिवशी फोटो काढून बाजूला ठेवला, जनावरांच्या इंजेक्शनची सुई घेतली आणि फ्रेमच्या नि फळीच्या एकेका भोकात औषध सोडलं. भोकं मेणानं बुजवली, सगळं पुसून फोटो पुन्हा बसवला. मग देवापुढं उभं राहून कान धरले.

दाणे पडायचे थांबले.

माहेराहून आल्यापासून बाई रोज सकाळी फळीपाशी जाऊन रिकाम्या हातानं परतत होत्या. एकदा त्या तिथंच खाली बसल्या.

"माजंच चुकलं. मी म्हायेरला गेले. त्यो आला असंल, घरात आई न्हाई बगून माघारी गेला."

"अगं, तसं काय नसतंय."

"मग का येत न्हाई?"

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे लालासाहेब चोरासारखे स्वयंपाकघरात शिरले, डब्यातली चिमूटभर खसखस घेतली आणि फळीवर ठेवली.

सकाळी बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी दाणे कपाळाला लावले आणि थबकल्या. बोटं नाकाशी नेली. मग एक दाणा दाताखाली धरला.

"आवं, ही घरची खसखस हाय."

"मग?"

"आपल्या डब्यातली. किडं लागू नयेत म्हणून डब्यात मी लवंगा टाकते. लवंगंचा वास येतोय हिला." बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे इतकं दिस तुमीच टाकत हुता?"

लालासाहेबांच्या तोंडाशी वाळवीचं नाव आलं होतं. पण कपाळाला काय लावत होतीस, हे त्या माउलीला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"व्हय," ते म्हणाले. "मीच."

"मंग त्यो कवाच आला न्हवता."

"न्हाई."

आणि विजयमालाबाई रडल्या. पेटी अंगणात आली तेव्हा जे रडायचं राहून गेलं होतं, ते आत्ता आलं. मंगल धावत दारात आली. लालासाहेबांनी तिला हातानंच थांबवलं आणि बायकोशेजारी जमिनीवर बसून राहिले.

बऱ्याच वेळानं बाईंनी पदरानं तोंड पुसलं. फळीवरची खसखस गोळा करून त्यांच्या हातावर ठेवली.

"उद्यापास्नं नगा टाकू," त्या म्हणाल्या. "अंदारात उठून फिरता. पडला-बिडला तर मी कुनाकडं बगू?"