मुखरूने मोडलेला शब्द

मुखरूने आयुष्यात कधी शब्द मोडला नव्हता, आणि गावाला तो हे विसरूही देत नसे. नात लच्छी दीड वर्षाची झाली तरी बसेना, तेव्हा गाव म्हणालं, "काही पोरं उशिराच बसतात." दोन वर्षांची झाली तेव्हा त्याने बंडी जुंपून तिला चांद्याला नेलं. देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण गावापर्यंत मोटार काही आली नव्हती. चांद्याचा डॉक्टर "इतके दिवस झोपले होते का?" म्हणून खेकसला, लाल औषधाची बाटली दिली आणि दर आठवड्याला आणायला सांगितलं. ऐन धानाच्या रोवणीत दोन दिवस जायला, दोन यायला! बाटली संपली आणि चांदा जिथल्या तिथे राहिलं.

मग मुखरूने गावच्या देवीपुढे, मातामायपुढे हात जोडले. "पोरगी चालू दे, माय. चालाले लागली का पहिला पाय तुह्या ओट्यावर टेकवीन. तोवर भुईले लावणार नाई."

झालं. त्या दिवसापासून लच्छी कधी खाटेवर, कधी झोळीत, नाहीतर आजाच्या खांद्यावर. सून कमळाने एकदा तिला अंगणात घोंगडीवर ठेवलं, तर म्हाताऱ्याने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. पुन्हा कोणाची छाती झाली नाही. त्याची माया खोटी नव्हती हो, पण मायेलाही अक्कल लागते. लच्छी चार वर्षांची झाली.

मंडईच्या जत्रेआधी मूल गावाहून खुर्शीदा बांगड्यांची टोपली घेऊन आली. बायकांचे हात भरून झाले, लच्छीची पाळी आली.

"पोरीले खाली बसवा नं, भाऊ. अशी लोंबकळत धरली तं बांगडी फुटंल."

"तिले खाली नाई ठेवत," मुखरू म्हणाला आणि मान ताठ करून नवसाची हकीकत सांगितली.

खुर्शीदा हसली नाही. हसली असती तर मुखरूने तिला टोपलीसकट हाकललं असतं.

"माहा भाऊ कय्यूम असाच होता," ती म्हणाली. "अम्मीनं अंगणात कमरेइतका खड्डा खणला, भवताल धानाची तनस भरली न् रोज त्यात बसवला. दोन साल लागले बसाले. आता बकऱ्या चारते. बोलते कमी, पण एक बकरी हरवत नाई." मग म्हणाली, "भाऊ, खाली ठेवल्याबिगर चालंल कशी?"

मुखरूच्या ध्यानात आलं. दोन वर्षं तो देवीची वाट पाहत होता. देवीने पोरीला भुई कधीच दिली होती, अडवून धरली होती ती यानेच.

"पण शब्द मोडला न् मायनं पोरगीच नेली तं?" मुखरू म्हणाला.

डोक्यावरचा पदर सावरत कमळा पुढे आली. सासऱ्यापुढे ती कधी बोलत नसे. "मामाजी, आई हाये ते. लेकराचं वाईट नाई करणार. चला, मी बी येते."

मातामायच्या ओट्यापाशी मुखरू उभा राहिला. "माय, मी शब्द मोडून राह्यलो. कोप कराचा तं माह्यावर कर." त्याने लच्छीच्या काखांत हात घालून तिला खाली टेकवलं. गार दगड लागताच तिने बोटं आखडली, पाय वर ओढले. पुन्हा टेकवलं, पुन्हा ओढले. तिसऱ्यांदा एक टाच तिथेच राहिली. कमळा तोंडात पदर घालून रडू लागली.

त्याच संध्याकाळी मुखरूने अंगणात खड्डा खणला.

चमत्कार वगैरे काही झाला नाही. लच्छी टेकून बसू लागली तेव्हा वर्ष उलटलं होतं, भिंत धरून चालू लागली तेव्हा तीन. पाय ओढायची, चार-पाचच शब्द बोलायची. घराला तेवढ्यानेच दिवाळी झाली.

त्या सालीही खुर्शीदा आली. लच्छी भिंतीच्या आधाराने दारापर्यंत आली आणि खुर्शीदा टोपली विसरून पाहतच राहिली. तेवढ्यात मुखरू भरल्या ओसरीत खुर्शीदाच्या पायांपाशी वाकला.

"काय करून राह्यले, भाऊ! मी लहान हावो तुमच्याहून!"

मुखरू वाकलेलाच राहिला. "माही चूक या लेकरानं दोन साल भोगली, बाई. तू नसती आली तं जनमभर भोगली असती."