वायगावची दोन चमचे हळद

हळद टाकून सात मिनिटं झाली होती आणि कृष्णकांत संडासाच्या दारात मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे होते. आणखी तीन मिनिटं फ्लशला हात लावायचा नव्हता. तसं प्लंबरने फोनवर बजावलं होतं. हा प्लंबर सोमवारपासून हिंगणीहून 'निघालोच' होता आणि आज शनिवार होता.

टाकीत चिमूटभर हळद टाका, असं तो म्हणाला होता. फ्लश न दाबता भांड्यात पिवळं उतरलं, तर बुडाचं रबर गेलं समजा.

चिमूट हे माप कृष्णकांतांना मोघम वाटलं, म्हणून त्यांनी दोन चमचे टाकली. हळद वायगावची होती. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी ती मुलीच्या, नमिताच्या, लग्नासाठी दळून वेगळ्या बरणीत ठेवली होती. तिचा डाग कपडा फाटला तरी निघत नाही.

कृष्णकांतांनी चौतीस वर्षं एका सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलं. आलेल्या कागदाला आवक क्रमांक, गेलेल्याला जावक क्रमांक. या पलीकडे जगात काही घडत असेल, तर ते दुसऱ्या टेबलावर. निवृत्तीनंतर त्यांनी फ्लशच्या टाकीचं झाकण पहिल्यांदा उचललं, आणि आत त्यांना आपलंच टेबल दिसलं. नळीतून पाणी येतं, ती आवक. बटण दाबलं की बुडाचं रबर उचललं जातं आणि पाणी जातं, ती जावक. पाणी गेलं की फुगा खाली येतो, आवक सुरू होते. पाण्याबरोबर फुगा वर चढतो, आवक बंद होते. फुगा म्हणजे साहेब. वर गेला की काम थांबतं.

मात्र आठ दिवसांपासून या टाकीची आवक थांबतच नव्हती. सूं सूं सूं, अखंड. म्हणजे कुठूनतरी नोंद न होता जावक चालली होती. गच्चीवरची टाकी दुपारपर्यंत कोरडी होई, आणि बोरगाव मेघेत त्यांच्या गल्लीला नळ तिसऱ्या दिवशी येई.

"यायनं उभ्या जन्मात घरात एक खिळा ठोकला नाई," प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरातून नमिताला ऐकवत होत्या, "अन् आज सोयरे यायच्या दिवशी इंजिनेर झाले."

सोयरे म्हणजे अण्णाजी, नमिताच्या होणाऱ्या नवऱ्याचे वडील. साक्षगंधाची तारीख पक्की करायला ते सिंदीहून चार वाजता येणार होते. आधीची गाडी मिळाली म्हणून ते तीनलाच, हळदीची दहा मिनिटं भरायच्या आत, दारात उभे राहिले, रामराम केला आणि बाथरूम कुठे आहे ते विचारलं. कृष्णकांतांनी आधी चहा घ्या म्हणून पाहिलं. अण्णाजी म्हणाले, चहा नंतर. चेहऱ्यावरून ते खरंच होतं.

आता अण्णाजींच्या जागी दुसरं कोणी असतं, तर निभावलं असतं. पण ते एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. तीस वर्षं लोकांची लघवी उजेडात धरून त्यांनी संसार केला होता. ते आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा रिपोर्टसारखा झाला होता.

ते बसले. पोह्यांची बशी त्यांनी एक बोट मागे सरकवली.

"कृष्णकांतजी, घरात कोणाले कावीळ हाय काय?"

नाही म्हणाले कृष्णकांत. अण्णाजींनी नमिताच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग प्रमोदिनीबाईंच्या, मग भिंतीवरच्या कृष्णकांतांच्या आईच्या फोटोतल्या. तारखेची घाई नाही, असं ते हळुवारपणे म्हणाले. आधी सगळ्यांचं रक्त तपासू, मग पाहू.

नमिता ट्रे घेऊन जागीच थांबली. तिने बापाकडे पाहिलं.

खरं सांगायचं म्हणजे मागच्या बैठकीतलं वाक्य गिळायचं. "आमच्या घरी प्लंबर पाऊल ठेवत नाही," असं कृष्णकांत तेव्हा मिशीवर हात फिरवून बोलून गेले होते. त्यांनी ट्रेमधल्या निवत चाललेल्या चहाकडे बघितलं आणि गिळलं.

"कावीळ नाई. हळद हाय. टाकी गळते, म्हणून मीच टाकली. मले ती दुरुस्त करता येत नाई."

"तुम्ही तं म्हणत होते, प्लंबर पाऊल ठेवत नाई."

"नाईच ठेवत. सोमवारपासून वाट पाहून राह्यलो."

अण्णाजी उठले. नमुना पाहिल्याशिवाय ते मत देत नसत. त्यांनी टाकीत बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं, खिडकीच्या उजेडात धरलं.

"वायगाव," ते म्हणाले. आणि एवढे हसले, की त्यांना टाकीचाच आधार घ्यावा लागला.

मग हळू आवाजात त्यांनी आपलंही सांगून टाकलं. सिंदीच्या घरची टाकी दोन वर्षांपासून अशीच गळत होती. त्यांनी कॉक बंद करून तिथे बादली ठेवली होती आणि पाहुण्यांना ती जुनी पद्धत म्हणून सांगत होते.

दोन्ही व्याही आत शिरले. अण्णाजींनी मोबाइलची बॅटरी धरली. कृष्णकांतांनी आधी कॉक फिरवून आवक बंद केली, बटण दाबून टाकी रिकामी केली, मधला दांडा पिळून वर काढला. बुडाला रबराची चकती होती, पाण्यातल्या क्षाराने पांढरी पडलेली, एका कडेने दबलेली. त्यांनी जुन्या टूथब्रशने ती घासली. मग थोडा विचार केला आणि उलटी करून बसवली, जशी पाठकोरा कागद उलटून वापरायची त्यांची सवय होती.

कॉक उघडला. पाणी आलं, फुगा चढला, चढला, आणि सूं थांबलं. दोघे पाच मिनिटं शांतता ऐकत उभे होते. बाहेर पोहे थंड झाले.

पोहे गरम करून खाल्ले गेले. तारीख ठरली. निघताना अण्णाजींनी चपला घालता घालता सांगितलं, "साक्षगंध झालं का आमच्या घरची टाकीई पाहून द्या. पोरीच्या घरी कशाले जायचं, असं मनात आणू नका. कामच हाय."

सोयरे गेले. घरात आठ दिवसांनी काही वाहत नव्हतं. कृष्णकांत पुन्हा संडासात गेले. गरज नसताना त्यांनी बटण दाबलं. पाणी गेलं, आवक सुरू झाली.

"बाबा, आता तं नीट झाली ना?" नमिता दारात आली. "मंग इथं काऊन उभे राह्यले?"

"भरून येऊ दे," ते म्हणाले, तिच्याकडे न बघता.

तिने टूथब्रश फेकायला हात पुढे केला. कृष्णकांतांनी तो पुसला आणि सदऱ्याच्या खिशाला लावला, जिथे चौतीस वर्षं पेन असायचा.

"राहू दे. सिंदीले लागन."