घासणं पुरे, रावसाहेब

मी एका जुन्या फियाटच्या डॅशबोर्डावरची लाकडी पट्टी बोलतेय. स्टिअरिंगच्या मागून डावीकडच्या कप्प्यापर्यंत गेलेली, तपकिरी, चकचकीत, ती मी. बोलायची वेळ माझ्यावर यायला नको होती. पण सहन करण्यालाही काही हद्द असते.

सगळ्याच फियाटींना अशी पट्टी नसते. माझ्या पहिल्या मालकांना, दादरच्या एका शेटजींना, हौस होती. त्यांनी चौऱ्याहत्तर साली सागवानाच्या पातळ फळीतून मला कापून घेतलं, चावीच्या स्विचसाठी आणि दिव्यांच्या बटणांसाठी भोकं पाडून घेतली, वर लाखेच्या पॉलिशचे हात चढवले. गाडीत बसवल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते दिवस सुखाचे होते, हे मला फार उशिरा कळलं.

ब्याऐंशीत गाडी रावसाहेबांनी घेतली. रावसाहेब हे त्यांचं नाव, पदवी नव्हे. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत ते सुपरवायझर होते, मूळ गाव जालन्याकडचं. त्यांच्या वडिलांच्या दारात कधी बैलगाडीसुद्धा स्वतःची उभी राहिली नव्हती. नवीन पनवेलला सिडकोच्या त्यांच्या बिल्डिंगखाली ही एकुलती एक मोटार. गावाकडून कुणी आलं की चहाच्या आधी त्याला खाली आणून ते दार उघडायचे आणि म्हणायचे, "आत बघा, सागवान हाय." पाहुणा वाकून बघायचा. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

बिघडलं ते त्या पुसण्यापायी. नवीन पनवेल तेव्हा अर्धं बांधलेलं, अर्धं खणलेलं. दिवसभर सिमेंटची धूळ उडायची, काचा बंद असल्या तरी आत यायची. रावसाहेब रोज संध्याकाळी कोरडं फडकं घेऊन ती माझ्यावरून खसाखसा पुसायचे. अहो, धूळ म्हणजे काय पीठ आहे? दगडाचाच चुरा तो. फडक्याखाली प्रत्येक कण मला ओरखडत जायचा. केसाएवढे बारीक चरे, उन्हात तिरकं पाहिलं तरच दिसणारे. रावसाहेबांनी नेमकं उन्हात तिरकं पाहिलं.

मग उपाय सुरू झाले. दंतमंजन लावून झालं. खोबरेल चोळून झालं, त्यावर तर धूळ आणखी चिकटली. कंपनीतल्या कुणी तरी पितळ उजळायचं पॉलिश सुचवलं, तेही माझ्यावर आलं. एक चरा जाई आणि त्याच्या शेजारी चार नवे उमटत. एकदा ओल्या मऊ कापडानं धूळ टिपली असती तर काम झालं असतं. पण माझं ऐकणार कोण?

आणि एवढं करून दोष आला तो स्मितावर. स्मिता त्यांची बायको, बालवाडीत शिकवायची. तिला गाडी शिकायची होती. सिडकोचे रस्ते रुंद आणि ओस पडलेले, शिकायला याहून चांगली जागा नाही. रावसाहेब हौसेनं शिकवायला बसले, पण त्यांचं लक्ष रस्त्यावर कमी आणि तिच्या बांगड्यांवर जास्त. गिअर टाकला की "हात सांभाळ", चावी फिरवली की "बांगड्या वर सार". शेवटी तिनं मनगटावर रुमाल बांधला. तरी एकदा ब्रेक दाबताना तिचा हात माझ्यावर आपटलाच. रावसाहेबांनी तिथेच शिकवणी बंद केली.

ती भांडली नाही. पनवेलच्या मोटार स्कूलमध्ये जाऊन शिकली, लायसन काढलं आणि ते त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं. त्यांनी ते पाहिलं, छान म्हणाले, आणि गाडीची चावी स्वतःच्या खिशातच ठेवली. दोन वर्षं.

शहाऐंशीच्या मार्चमधल्या एका रविवारी रावसाहेबांनी ठरवलं, आता पुरा बंदोबस्त करायचा. त्यांनी स्क्रू काढले, स्विच आणि बटणं भोकांतून मागे ढकलली आणि मला गाडीतून उचकटलं. खाली जिन्याजवळ वर्तमानपत्र पसरून, त्यावर मला ठेवून, ते पांढरी पेस्ट चोळत बसले. गाडीत तारा लोंबत होत्या.

तेवढ्यात वेणूबाई आल्या. जवळच्याच गावातून मासळी घेऊन त्या दर रविवारी यायच्या. पाटी टेकवायची त्यांची जागा ठरलेली, कोपऱ्यावरच्या विटांच्या ढिगाजवळ. पाटी ठेवून त्या वाकल्या आणि तशाच खाली बसल्या. कुणी धावत गेलं, कुणी विटा हलवल्या. विटांखाली फुरसं होतं.

स्मिता खाली उतरली तेव्हा वेणूबाईंचं पाऊल सुजायला लागलं होतं. त्या रडत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या, "मना चटका बसल्यासारका लागला गो बाय." रिक्षा दिसेना. एसटीची वाट बघण्यात अर्थ नव्हता. सगळ्यांनी रावसाहेबांकडे पाहिलं.

रावसाहेब पेस्टनं भरलेले हात घेऊन उभे राहिले. म्हणाले, पट्टी काढलीय, स्विच लोंबतोय, आधी ती बसवायला पाहिजे, थोडा वेळ लागेल. तो माणूस दुष्ट नव्हता. घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाला हातातलं काम आधी दिसतं. मी कागदावर पडल्या पडल्या मनात म्हणत होते, अहो, माझा आणि इंजिनाचा काय संबंध?

स्मिता त्यांच्याजवळ गेली. तिनं त्यांच्या खिशातून चावी काढली.

"तुमी मागं बसा," ती म्हणाली. "त्यांचा पाय मांडीवर घ्या, हलू देऊ नका."

"अगं, हमरस्त्याला तू कधी..."

"मागं बसा."

ते बसले. लोंबत्या स्विचला एका हातानं धरून तिनं चावी फिरवली आणि गाडी निघून गेली. मी राहिले जिन्याजवळ, अंगावर पेस्ट घेऊन, उन्हात. ज्या चकाकीपायी या घरात एवढी कटकट झाली, तिच्यावाचून गाडी सरळ चालू लागली होती.

पुढचं मी पाहिलं नाही, ऐकलं. ट्रकांच्या रांगेत तिनं हॉर्न सोडला नाही, बाजाराच्या गर्दीतून वाट काढली आणि गाडी थेट सरकारी दवाखान्याच्या दारात नेली. सर्पदंशावरची लस होती. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मला हे सगळं पाठ झालं, कारण त्यानंतर गावाकडून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला रावसाहेब हेच सांगत. सागवानाचं नाव निघत नसे. "ही होती म्हणून," एवढं बोलून ते थांबत.

त्या संध्याकाळी परत आल्यावर त्यांनी मला उचललं. पेस्ट वाळून दगड झाली होती. खरवडताना आणखी चरे पडले, ते तर पडणारच. त्यांनी मला जागेवर बसवलं आणि चावी दाराजवळच्या खिळ्याला लावली. खिशात नाही.

दीड महिन्यानं वेणूबाई पुन्हा पाटी घेऊन आल्या. पाय जरा ओढत होत्या. मासळी विकून झाल्यावर स्मिता म्हणाली, चला, घरापर्यंत सोडते. वेणूबाई पुढे बसल्या, रावसाहेब मागे. गाडी निघाली तशी वेणूबाईंनी आधाराला माझ्यावर पंजा टेकवला. ओला, खारट, खवल्यांनी भरलेला पंजा. मी मनातल्या मनात किंचाळले. मागून रावसाहेबांचा हात फडक्याकडे गेलेला मला दिसला. मग तो हात तिथेच थांबला.

"पाय दुखतो काय अजून?" त्यांनी विचारलं.

"पावसात दुखंल," वेणूबाई म्हणाल्या. "चालाला येतंय, तवरा पुरं हाय."

आता एकोणनव्वद साल आहे. वेणूबाई दर रविवारी माझ्यावर हात टेकतात, दर रविवारी खवलं चिकटतं, वाळतं, उन्हात चमकतं. आणि रावसाहेब पुसत नाहीत! वर्षानुवर्षं नको तेव्हा मला घासघासून सोलून काढलं, आणि आता खरोखर पुसायची गरज आहे, तर हे गृहस्थ मागच्या सीटवर हाताची घडी घालून वेणूबाईंशी पावसापाण्याच्या गप्पा मारतात. चरे राहू देत, त्यांची मला सवय झाली. पण रावसाहेब, तुमच्या पाया पडते, एकदा ओलं फडकं फिरवा. हळू. आणि मग खुशाल गप्पा मारा.