नळीच्या टोकावरचं कुंकू

माझा नेम सुधारला त्या दिवशी रणदिवे मास्तरांचं नाक पुसलं गेलं. पाठोपाठ डोळे आणि मिशाही गेल्या. मला वाईट वाटलं नाही. पोलिसातून निवृत्त झालेला हा माणूस तालुक्याच्या रायफल क्लबात शिकवतो आणि दोन महिने माझ्या आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरकडे बघून नाक मुरडत होता. आता मुरडायला काही उरलं नाही.

त्यांचं म्हणणं एकच होतं. नळी जेमतेम दोन इंचांची. हात केसभर हलला तरी गोळी भलतीकडे जाते. म्हणून नजर लक्ष्यावर नाही, नळीच्या टोकावरच्या उंचवट्यावर ठेवायची. लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल. मला ते जमत नव्हतं. दहा पावलांवरचा कागदी माणूस सोडून मी मागच्या मातीला भोकं पाडत होतो. बाकीचे परवानाधारक हसायचे. हे लोक लग्नात कोट मुद्दाम उघडा ठेवून कमरेचं हत्यार मिरवतात. निम्म्यांना ते भरताही येत नाही.

खंडेनवमीला माझ्या बायकोने, कुमुदने, घरातल्या हत्यारांची पूजा केली. विळी, अडकित्ता, रिव्हॉल्व्हर. कुंकवाचं बोट तिने नेमकं त्या उंचवट्यावर टेकवलं. त्या आठवड्यात क्लबात मी तो लाल ठिपका सोडून काही पाहिलं नाही, आणि पाचही गोळ्या कागदी माणसाच्या छातीत गेल्या. शेजारी उभे असलेले मास्तर धूसर झाले ते झालेच.

पुढे बाकीचेही गेले. क्लबाचे अध्यक्ष हिंगमिरे अभिनंदनाला आले तेव्हा कोटाच्या वर नुसता धूर होता. धुरातून पेढा पुढे आला, तो मी खाल्ला. या मंडळींच्या चेहऱ्यांत बघण्यासारखं कधी काही नव्हतंच.

मग कुमुदची हनुवटी गेली. माझं काय काय दिसतं, असं तिने विचारलं. भुवया आणि डावा कान, मी सांगितलं.

"पुसा ते कुंकू," ती म्हणाली.

"रविवारी स्पर्धा आहे. त्या गबाळ्यांना एकदा दाखवायचंय."

शनिवारपर्यंत तिची फक्त साडी आणि बांगड्यांचा आवाज उरला. तेव्हा मात्र मी घाबरलो. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर तिचे डोळे कसे होते ते मला आठवेना. बोट दोनदा त्या ठिपक्यापर्यंत गेलं आणि दोनदा मागे आलं. तोवर भिंती गेल्या, खिडकी गेली, माझं मनगटही गेलं. नळीच्या टोकापलीकडे घर नव्हतं.

त्या दुपारी मी घरातच हात ताणून नुसता नेम धरायचा सराव करत होतो. आधी गोळ्या काढल्या होत्या की नाही, हे बघायला गोळ्या दिसायला हव्या होत्या.

बांगड्या जवळ आल्या. जिथे दिसत होतं अशी एकच जागा उरली होती, तिथे येऊन कुमुद थांबली. नळीच्या टोकाला कपाळ टेकलं. आधी भुवया आल्या, मग नाक, मग गालावरचा तीळ.

"आता दिसते का मी?"

"दिसतेस," मी म्हणालो. डोळे घारे होते. हात हलू नये म्हणून मी श्वास रोखून धरला.