टाकामागची बाई

पोखर्णीच्या बन्सीधरनं आयुष्यात एकच गोष्ट हरवली, आणि ती म्हणजे सख्खा बाप. ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्या लेकीचं, हेमाचं लग्न चार दिवसांवर आलं, म्हणून त्यानं घरचे देव उजळायला परभणीच्या सोनाराकडे नेले. येताना ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी गाठोडं सुटलं आणि नेमका वडिलांचा, सटवाजीचा टाक वाटेत पडला. टाक म्हणजे मेलेल्या वडीलधाऱ्याची मूर्ती उठवलेला पितळी पत्रा. तो देव्हाऱ्यात नसेल तर लग्न लागणार नाही, असं बन्सीधरच्या आईचं, धुरपताबाईचं म्हणणं. तिच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

बन्सीधरकडे नांगरताना सापडलेलं काशाचं एक नाणं होतं. कृषी विद्यापीठातले साहेब म्हणाले होते, हा रोमचा राजा. राजाचं नाक बाकदार, मान रेड्याची, हुबेहूब सटवाजी! डोक्यावरचा पानांचा मुकुट बाशिंग म्हणून खपून गेला असता. बन्सीधरनं चिंच लावून राजाला घासला आणि बापाच्या जागी बसवला.

"काय तेज चढलंय!" म्हणत धुरपताबाईनं हळदकुंकू वाहिलं. बन्सीधरचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या सकाळी तिनं टाक पुसायला उचलला आणि उलटा केला. मागं एक बाई उभी! एका हातात तराजू, दुसऱ्यात फळांनी भरलेलं शिंग.

"बन्शा, ही पूर्णेच्या बाजारातली कडूबाई हाय! वांगे तोलायली बघ! मला लय दिसांपासून शक होता!"

खरं सांगावं तर लग्न मोडतं, गप्प बसावं तर मेलेल्या बापाची अब्रू जाते. बन्सीधर गप्प बसला. धुरपताबाई टाक कनवटीला लावून तडक पूर्णेला गेली. संध्याकाळी परतली ती देव्हाऱ्याकडे पाठ करूनच बसली. आता मात्र बन्सीधरला बापाची फार कीव आली.

"माय, ते आपले दादा न्हाईत. टाक म्या हरवला. ह्यो रोमचा राजा हाय, अन् मागं त्याची देवी हाय. कडूबाईचा काई संबंध न्हाई!"

धुरपताबाईनं कपाळावर हात मारला.

"म्या तिला टाक दाखवून लय शिव्या घातल्या रे."

"मंग?"

"पाया पडून रडली. म्हणली, माफ करा बाई, पण तुमाला कळलं कसं?"

लग्न ठरल्या दिवशीच लागलं. देव्हाऱ्यात रोमचा राजाच राहिला. सटवाजीचा नवा टाक करायला धुरपताबाईनं साफ नकार दिला.