वरचा कप्पा

हितेंद्रनं फाटक लोटलं आणि तो तिथंच थबकला. घरातला फ्रिज अंगणात आला होता. दार सताड उघडं, आतले कप्पे बाहेर काढलेले, आणि माय शेजारी पाटावर बसून एकेक कप्पा घासत होती.

"बूट बाहेरच काढ भो. आंगन धुयेल शे."

रविवारी कानबाई बसायची होती. श्रावणात ती येणार म्हटलं की खानदेशातलं घर डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊन निघतं. भिंतींना चुना झाला होता, गोधड्या नदीवर जाऊन आल्या होत्या, आणि यंदा मायच्या डोक्यात फ्रिज आला होता. देवी घरात असताना आत शिळंपाकं काही नको, म्हणून सकाळीच तिनं तो बंद करून बाहेर काढवला होता. तिनं एकदा मनात घेतलं की घरात कुणाची हरकत चालत नसे.

हितेंद्रला फ्रिजची काळजी नव्हती. लोण्याच्या कप्प्यात अगदी मागं सरकवलेल्या स्टीलच्या डबीची होती.

डबी ओसरीच्या कठड्यावर सापडली. पावसानं आठवडाभर दडी मारली होती आणि ऊन सकाळपासून थेट तिच्यावर होतं. झाकण उघडं. जवळच सिंधूकाकू लोणच्याच्या बरण्या पुसत बसल्या होत्या. काकू म्हणजे गल्लीचा दवंडीवाला. फक्त ढोल तेवढा नव्हता.

"लाजाना काय शे त्यामा बापू? दवाई शे, चोरी नही," त्या म्हणाल्या. "हर्षालीले इचारं मी. ती बोलनी, मनीच शे."

हितेंद्रनं एक कुपी उचलली. ती हाताला गरम लागली. धुळ्याहून बर्फात घालून, मांडीवर सांभाळून आणलेलं औषध होतं ते. त्यानं डबीचं झाकण लावलं आणि तो खोलीत गेला.

हर्षाली पडद्यांना कड्या लावत होती.

"तुझी आहे म्हणून का सांगितलंस?"

"मग काय सांगू? तुमची गोष्ट आहे, ती मी कशी फोडू?" तिनं मान वर केली नाही. "संध्याकाळी रोटाचे गहू मोजताना काकू माझ्याकडून नवस बोलून घेणार आहेत. सगळ्या भाऊबंदांपुढं, पदर पसरून."

"तू नाही म्हण ना."

"मी म्हणू?"

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती पुढची कडी लावली.

हितेंद्र स्टेशनजवळच्या जिममध्ये पोरांना व्यायाम शिकवायचा. लग्नाआधी धुळ्याच्या एका स्पर्धेसाठी त्यानं कुणाच्या तरी सांगण्यावरून इंजेक्शनं सुरू केली. छाती भरली, दंड फुगले, पोरं त्याला वस्ताद म्हणायला लागली, आणि मग स्पर्धा संपली तरी इंजेक्शनं संपली नाहीत. आंघोळ करताना त्याच्या लक्षात आलं होतं, अंगाचं एवढं वाढतंय पण खालचं आक्रसत चाललंय. अशी गोष्ट बोलायची कुणाशी? त्यानं ती मोरीतच ठेवली.

लग्नाला तीन वर्षं झाली तरी पाळणा हलेना. तपासण्या मात्र सगळ्या हर्षालीच्या झाल्या, जळगावला झाल्या, धुळ्याला झाल्या. काकूंचे कडू काढेही तिनंच नाक दाबून प्यायले. शेवटी धुळ्याच्या एका डॉक्टरांनी तिची फाईल मिटून ठेवली आणि ह्याच्या दंडांकडे बघत विचारलं, "तुम्ही कसली इंजेक्शनं घेता का?"

मग त्यांनी साध्या शब्दांत समजावलं. बाहेरून तयार माल यायला लागला की घरचा कारखाना बंद पडतो. वृषणं लहान झाली आहेत, बीज तयारच होत नाही. आधी बाहेरचा माल बंद, आणि कारखाना पुन्हा चालू व्हावा म्हणून ही दुसरी इंजेक्शनं. महिने लागतील. बऱ्याच जणांचं सुधारतं. पण तुमचं सुधारेलच असं छातीठोकपणे सांगत नाही.

तेव्हापासून एक दिवसाआड हर्षाली दार लावून त्याच्या पोटाला सुई टोचायची. एवढा वस्ताद, पण सुई दिसली की डोळे घट्ट मिटायचा. ती हसायची. त्या बंद खोलीत दोघांचं चांगलं चाललं होतं. खोलीबाहेर मात्र वांझ ती होती आणि पहिलवान तो.

संध्याकाळी भाऊबंद जमले. ओसरीवर नवी टोपली, तिच्यापुढं चुडामण आबा, हितेंद्रचे वडील. ह्या घराण्यात रोटासाठी, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या पोळ्यांसाठी, प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचे, मग ते वेगळे दळायचे. त्या पिठाला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, त्यातला घास परक्याच्या तोंडी जाऊ द्यायचा नाही. थोरल्या घरापासून सुरुवात झाली. आबा नाव घेत, मूठ भरत, टोपलीत सोडत. चुलतभावाचं पोर अजून पालथंही पडत नव्हतं, पण त्याच्याही नावानं मूठ पडली. बायकांनी त्याला उगाच गहू दाखवून हसवलं.

"आते हर्षालीले पुढे बसाडा," काकू म्हणाल्या. "नवस बोली लेऊत. पोर व्हयनं तं ती कानबाईले डोकावर लीसन, आनवानी, नदीवर जाई."

हर्षाली येऊन बसली. तिनं पदर पसरला. पदर धरलेली बोटं पांढरी पडली होती.

"म्हन बेटा," काकूंनी शब्द दिले, "आई कानबाई, मना पोटना दोष काढ."

आबांची मूठ भरलेली होती. आता नाव हितेंद्रचं होतं.

हितेंद्रच्या मनात आलं, अजून गप्प बसता येईल. कुणाला काही कळणार नाही. हर्षाली तर मरेपर्यंत बोलायची नाही. आणि तीच गोष्ट त्याच्या जिव्हारी लागली.

"नवस तिना नावे नको," तो म्हणाला. "ती दवाई मनी शे. दोष मना शे, तिना नही."

काकूंनी आधी हसून पाहिलं.

"काय बोलस भो? एवढा धडधाकट गडी तू! गडी मानूसले काय व्हस?"

"हे बठ्ठं इंजेक्शननं कमायेल शे काकू." त्यानं स्वतःच्याच दंडावर हात मारला. "त्यानामुळेच मनं बीज बंद पडनं. तिना बठ्ठा रिपोर्ट चांगला शेतस."

आबांच्या मुठीतून चार दाणे जमिनीवर सांडले. त्या दाण्यांकडे बघतच त्यांनी विचारलं,

"दवाई चालू शे?"

"चालू व्हती. आज उनमा खराब व्हयी गई."

दाराशी उभ्या असलेल्या मायनं तोंडाला पदर लावला.

"हितेंद्र," आबांनी नाव घेतलं आणि मूठ टोपलीत सोडली. वरची पाव मूठही सोडली. सांडलेले दाणे एकेक करून वेचले आणि तेही त्यातच टाकले. "चला. पुढे कोन?"

हर्षालीनं पदर आवरून घेतला आणि ती मायजवळ जाऊन उभी राहिली. मायनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हितेंद्र धुळ्याहून परतला तो हातात थर्माकोलचा डबा घेऊन. फ्रिज जागेवर गेला होता आणि घुरघुरत होता. घरात माय एकटीच होती. तिनं काही न विचारता डबा घेतला. आतली औषधं तिच्या पूजेच्या स्टीलच्या डब्यात ठेवली, डब्यावर धुवट फडकं बांधलं आणि वरच्या कप्प्यात, मधोमध ठेवला. बाकी कप्पा मोकळा.

तेवढ्यात शेजारची सरूबाई दुधाचं पातेलं घेऊन आत आली. तिच्याकडे फ्रिज नव्हता. तिचं दूध वर्षानुवर्षं ह्याच कप्प्यात राहायचं.

"खाले ठेव ओ," माय तिच्या आडवी आली. "वरला कप्पाले हात लावजो नको. तठे आम्हना रोट शे."

सरूबाई चकित झाली. "रोट? फ्रिजमा?"

"यंदा तसंच शे," माय म्हणाली, आणि तिनं फ्रिजचं दार नीट लागलं की नाही ते हातानं दाबून पाहिलं.