गुळगुळीत टायर

आमची पांदण तुम्ही चोरली, साहेब. जमिनी घेतल्या, घरं घेतली, त्याचे कागद झाले, सह्या झाल्या. त्यावर मी आज बोलत नाही. पांदणीवर, शेतांमधल्या त्या मातीच्या वाटेवर, कोणाची सही नव्हती. ती कोणाच्या नावावर नव्हती, सगळ्यांची होती, म्हणून तुम्हाला वाटलं ती कोणाचीच नाही. पोळ्याच्या चार दिवस आधी मशीन पाठवून तुम्ही ती मधोमध खोदून टाकली. आणि तुमचा माणूस मला म्हणतो, "इथून कोणी जात नाही, बाई. एक ठसा दाखवा."

ठशाचंच सांगते. नीट ऐका.

तुमच्या खाणीची रेघ आमच्या भिंतीजवळ येऊन थांबली. रेघेच्या आतलं गाव उठून गेलं. बाहेर दोन घरं राहिली, एक आमचं, एक नानाजीचं. नानाजी म्हातारे, कानानं कमी, तोंडानं नाही. माझा नवरा रोशन चाकणला कंपनीत. म्हणजे घरात मी आणि माझी पोरगी यशोधरा, सहावीतली. पोरं उरली नाहीत म्हणून आमची शाळा बंद झाली. दुसरी शाळा बाजूच्या गावात, पांदणीनं गेलं तर तासाभराची चाल. डांबरी रस्त्यानं चौपट लांब, आणि त्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक एकामागं एक.

मी घर सोडून का जात नाही, असं विचाराल. सोडलं की तुम्ही म्हणाल, इथं कोणी राहतच नव्हतं.

रोशन फोनवर म्हणाला, "तिले दारव्ह्याले तुह्या आईकडं ठेव. घराच्या मागंच शाळा आहे."

"अन् मी?"

"तू काय?"

"मी कोनाशी बोलू इथं? नानाजीच्या कानाशी?"

त्याच्यामागं कंपनीतल्या मशिनींचा आवाज येत होता. मग म्हणाला, "पोळ्यापर्यंत पाहू. रोज शाळेत पोचली त राहू दे तुह्यापाशी. नाई जमलं त पोळा झाला का दारव्हा."

चालत पाठवायला पोरगी एकटी. आधी पांदणीत माणसं दिसायची, आता तासभर चाललं तरी कोणी भेटत नाही. सायकल असली तर निदान लवकर पार होईल, असं मी ठरवलं.

सायकल गोठ्यात पडून होती. फरहाची. फरहा म्हणजे गफ्फारभाई वेल्डरची पोरगी, यशोची जिवाची मैत्रीण. ते लोक वणीला गेले तेव्हा टेम्पोत जागा उरली नाही. फरहा टेम्पोत बसून रडत होती आणि यशो खाली सायकलीचं हँडल धरून उभी होती. पहाडी सायकल म्हणतात ती. गुलाबी, गिअरवाली, पुढं शॉकअप. आमच्याकडं पहाड नाही. तुम्ही टाकलेले मातीचे ढीग तेवढे आहेत.

गावात पंक्चर काढणारासुद्धा राहिला नव्हता. मोबाइलवर पाहून पाहून मी ती अंगणात उघडली. चेन गंजून काठीसारखी ताठ झाली होती. डिझेलात भिजत घातली आणि दात घासायच्या जुन्या ब्रशानं घासली. मागचं चाक उघडलं तर त्यातले छर्रे घरंगळत चुलीखाली गेले. यशो पोटावर झोपून छर्रे वेचत होती आणि हसत होती. घरात पुष्कळ दिवसांनी कोणी हसलं.

नानाजी दारातून ओरडले, "काय शीलाबाई, इमान बनवून राह्यली काय?"

"हाव नानाजी. बसता काय?"

"मले कुठं जाचं आता? मसणात सोडून देशीन त बसतो!"

चेन फिरली, ब्रेक लागला. पण सायकल फरहा लहान असतानाची. यशोचे गुडघे हँडलला लागत होते. सीटचा पाइप वर ओढला तर तो पुरता हाती आला. मग गफ्फारभाईला फोन लावला.

"भाई, सीटचा लंबा पाइप पाहिजे."

"पाइपच काहून, ताई? फरहाची सायकल आहे ते, आमच्या इज्जतीचा सवाल आहे. टायर बी पाठवतो. असे जाडे, काटेवाले! पहाडावर चढन पोरगी. अन् मडगार्ड लावा दोन्ही चाकाले, कपडे खराब नाई होत."

आठवड्यातून एकदा येणाऱ्या जीपवाल्याच्या हाती सामान आलं. मी पाइप लावला, टायर चढवले, मडगार्ड कसले. हँडल वर घेतलं. सायकल अशी दिसू लागली की यशो तिच्याभोवती नुसती फिरत राहिली, बसेच ना.

पांदण कोरडी होती तोवर काही अडलं नाही. पहिल्या घंटीच्या आत शाळा. परत येताना पांदणीच्या तोंडाशी बाभूळ आहे, तिथं ती सायकलची घंटी वाजवायची. ती ऐकली की मी चहा मांडायची. दिवसभरात माझ्यासाठी वाजलेला तेवढा एकच आवाज.

मग पावसाची झड लागली.

तुम्ही बाहेरचे असाल तर काळी माती तुम्हाला माहीत नसेल. ती पायाला धरते आणि सोडत नाही. दहा पावलांत पाय हत्तीचा होतो. म्हणून झडीत आमच्याकडं लहान पोरगंसुद्धा पांदणीत शिरताना चपला काढून हाती घेतं. कोणी शिकवावं लागत नाही.

त्या दिवशी घंटी वाजलीच नाही. मी बाभळीपर्यंत गेले तर समोरून यशो येत होती, खांद्यावर सायकल. चाकं कुठं होती? मातीचे दोन गोळे.

"शाळेत पोचली काय?"

"खिचडीच्या वक्ती."

"मॅडम काय म्हने?"

"हसली. म्हने, सायकल तुले घेऊन आली का तू सायकलीले?" थोडं चालल्यावर ती हळूच म्हणाली, "बाबाले नको सांगू, आई."

मी इळा घेऊन माती खरवडली. काट्याकाट्यात भरलेली, मडगार्डाखाली ठासून बसलेली, चाक जरा हलायला जागा नाही. तशाच हातानं फोन लावला.

"गफ्फारभाई, डांबरावर राहून माती विसरले का तुम्ही? जाड्या टायरनं उलट चिखल धरला. चाक जागच्या जागी जाम!"

तो हसला, आणि हसता हसता थांबला. "खरंच विसरलो न, ताई." मग म्हणाला, "मी त वणीत आहो. तुम्ही त तिथंच आहा. तुम्ही काहून विसरल्या?"

चपला हाती घेणारी मी, सायकलीला बूट घालून बसले होते.

मडगार्ड काढून टाकले. फरहाचे जुने टायर गोठ्यामागं फेकले होते, घासून गुळगुळीत झालेले. तेच परत चढवले. ब्रेकची रबरं चाकापासून जरा लांब केली. दांडीला पऱ्हाटीची काडी बांधली, अडलं तर माती काढायला. यशोला सांगितलं, मधून नको जाऊ, काठाच्या गवतावरून जाय. गफ्फारभाईच्या इज्जतीचं जेवढं चढवलं होतं, त्यातला पाइप तेवढा ठेवला, बाकी सगळं उतरवलं, तेव्हा सायकल चालली.

आणि चालली, साहेब. श्रावण लागल्यापासून पोरगी शाळेच्या एकाही दिवशी घरी राहिली नाही. झडीतही बाभळीजवळ घंटी वाजली. रोशन दर फोनला विचारायचा, "पोचली?" मी म्हणायची, "पोचली." शेवटी शेवटी तो स्वतःच म्हणाला, "राहू दे मग तुह्यापाशी."

पोळ्याच्या चार दिवस आधी घंटी सकाळीच वाजली. ती आत्ताच तर गेली होती.

"आई, रस्ता नाई."

"नाई म्हंजे?"

"नाईच."

मी तिच्यासंगं गेले. पांदण चालता चालता संपत होती. पुढं नाली, दोन पुरुष खोल, तळाशी पाणी भरत होतं, आणि पलीकडं काढलेल्या मातीची भिंत. मशीन उभी. टोपीवाला तुमचा माणूस पाणी पीत होता.

"हे कायले खोदलं?"

"आदेश आहे. सुरुंगाचा भाग आहे हा."

"माही पोरगी रोज जाते इथून शाळेत."

तेव्हा तो ते बोलला. कोणी जात नाही. एक ठसा दाखवा.

मी खाली पाहिलं. खरंच पाहिलं, साहेब, मूर्खासारखी वाकून. गवत होतं. ओली माती होती. ठसा नव्हता. गवतावरून गेलेल्या गुळगुळीत टायरचा ठसा कुठून राहणार? कुठं राहिला असेल तो पावसानं पुसला. जाडे टायर असते तर तुमच्या माणसाला दाखवायला हातभर खोल ठसे असते. पण मग पोरगी शाळेत गेली नसती.

यशोनं त्याच्यासमोर घंटी वाजवली. एकदा, मग जोरात पुन्हा. "हे आयकली न तुम्ही? तुमच्या गेटाच्या बाजूनं रोज वाजवत जातो मी."

तो दुसरीकडं पाहू लागला. त्यानं ऐकली होती. तोंडावर दिसत होतं.

यशो माझ्याकडं वळली. "मी खांद्यावर घेऊन उतरतो, आई. त्या दिवशी चिखलातून नाई का आणली?"

ती काठाशी गेली तसा पायाखालचा मातीचा लोंदा सुटला आणि खाली पाण्यात पडला. मी तिचा दंड धरला. नाही म्हटलं. ती रडली नाही, हातही सोडवला नाही. सायकल फिरवली आणि माझ्यापुढं घराकडं निघाली.

रोशनला फोनवर नालीचं सांगितलं. दारव्ह्याचं नाव मीच काढलं.

पोळा झाला. गावात बैल नाही, तोरण नाही, पाहायला माणूस नाही. दुसऱ्या दिवशी जीप आली.

"सायकल वर बांधू काय?" मी विचारलं.

"नको. आजीकडं शाळा घरामागंच आहे." तिनं सीटवरून हात फिरवला. "इथंच राहू दे. रस्ता झाला का लागन न."

आता सायकल अंगणात छपराखाली आहे. चेनला तेल घालते. हवा भरते. काल मागचं चाक उचलून पायडल मारलं, टकटक टकटक करत फिरत राहिलं. चाक फिरताना पाहून दारातून नानाजी ओरडले, "यशो आली काय वं?"

"नाई नानाजी. चाक फिरवून पाह्यलं."

"असं असं," म्हणाले, आणि तरी पांदणीकडं पाहत बसले.

फोनवर यशोला विचारलं, उंची वाढली काय? म्हणाली, आजीच्या खांद्याच्या वर गेली. फोन ठेवून मी पाना घेतला आणि सीट बोटभर वर केली. गफ्फारभाईनं पाइप लांब दिला आहे. अजून चार बोटं वर निघेल. ती चार बोटं संपली की ही सायकल तिची राहणार नाही. उत्तर मला त्याच्या आधी पाहिजे.

आदेश दाखवू नका, नकाशा दाखवू नका, ठसा मागू नका. सोपं विचारते. यशोधरानं या घरातून शाळेत कोणत्या रस्त्यानं जायचं? सांगा.